लीन (वाया जाणारा वेळ आणि साठा कमी करायची पद्धत) आणि मोटार उद्योगावरची पुस्तकं: सुपरवायझर लोकांनी सुरुवात कुठून करावी?

चिंचोळी_प्रेसशॉप

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑटो कंपोनंट युनिटसाठी पुस्तकं निवडायची आहेत. वाचणारे सात जण: तीन सुपरवायझर, दोन सेटर (मशीनवर डाय-टूल लावून देणारे), एक क्वालिटीचा आणि एक स्टोअरचा. सगळे आयटीआय किंवा डिप्लोमा झालेले. चौघांना इंग्रजी जमतं, पण सावकाश.

युनिटमध्ये ६३ आणि ११० टनी अशा दोन पॉवर प्रेस, चार सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन), एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर). झिंक प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला. माल चाकणला जातो. ११० टनी प्रेसवर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला १ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून एकदा डाय चढली की ५,००० नगांचा लॉट काढून ठेवतात. मुख्य ब्रॅकेटची मागणी महिन्याला ९,२०० नग, कामाचे दिवस २५, शिफ्ट एक. रॅक भरलेले असतात, तरी शनिवारी नेमका हवा तोच पार्ट नसतो.

फाइव्ह एस (जागा आवरून नीट ठेवणं), कानबान (कार्ड पाठवून लागेल तेवढाच माल मागवणं), कायझेन (सतत छोट्या सुधारणा) हे शब्द ग्राहकाच्या ट्रेनिंगमुळे सगळ्यांना पाठ आहेत. ते कशासाठी करायचं, हे मात्र कुणाला धड सांगता येत नाही. बजेट चार-पाच पुस्तकांचं. पहिलं कोणतं घ्यावं? आणि फोर्ड-टोयोटाच्या इतिहासाची पुस्तकं शॉपफ्लोअरच्या माणसाला कामी येतात का, की सरळ पद्धतीच्या पुस्तकांनाच हात घालावा?

टूलरूमवाला_होटगीरोड

१ तास ५० मिनिटं हा आकडा समोर असताना दुसरीकडे बघूच नका. पहिलं पुस्तक शिगेओ शिंगो यांचं, डाय झटपट बदलण्यावरचं. 'अ रिव्होल्यूशन इन मॅन्युफॅक्चरिंग: द एसएमईडी सिस्टिम', इंग्रजी आवृत्ती १९८५ ची. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं कोणती आणि मशीन चालू असताना उरकता येणारी कोणती, हे वेगळं करायला शिकवणारा सुरुवातीचा भाग सातही जणांनी वाचावा. मागचा भाग निरनिराळ्या कारखान्यांच्या उदाहरणांचा आहे. त्यातली प्रेसची तेवढी सेटरनी बघावीत.

वाचन सुरू करताना १९५० चा हिरोशिमातला प्रसंग मोठ्याने वाचून दाखवा. टोयो कोग्यो, म्हणजे पुढची माझ्दा. मोठ्या प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार शोधत हिंडला, तासाच्या वर वेळ गेला, शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून तो बसवला. तोवर प्रेस उभी. सेटरला याच्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही. पुढे १९६९ मध्ये टोयोटाच्या १,००० टनी प्रेसवर चार तासांचा बदल आधी ९० मिनिटांवर आला आणि मग ३ मिनिटांवर. दोन टप्प्यांत नेमकं काय वेगळं केलं, हे समजून घेण्यात पुस्तकाचे पैसे वसूल होतात.

आता तुमची ११० मिनिटं. मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा आणि मिनिटवार लिहा. अशा प्रेसवर साधारण हे चित्र दिसतं: डाय शोधून आणायला १८, क्रेन किंवा फोर्कलिफ्टची वाट १४, बोल्ट सोडणं-आवळणं १२, डाय सेंटरला आणायला २०, शट हाइट (प्रेस बंद असतानाची उंची) लावायला १६, ट्रायल आणि फर्स्ट पीसच्या मंजुरीची वाट २५, किरकोळ ५.

पहिल्या दोन बाबी, म्हणजे ३२ मिनिटं, मशीन चालू असतानाच संपल्या पाहिजेत. आधीच्या लॉटचे शेवटचे २०० नग उरले की पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसशेजारी हजर हवी. फर्स्ट पीससाठी इन्स्पेक्टर आणि गेज दोन्ही आधीच तिथे असले की २५ चे ८ होतात. डायच्या मागे आणि बाजूला बोल्स्टरवर (प्रेसच्या टेबलावर) स्टॉपर किंवा लोकेटिंग पिन बसवल्या की २० चे ५. सगळ्या डायची बंद उंची खाली प्लेट लावून सारखी केली की १६ चे ४. क्लॅम्पिंगची जाडी सगळीकडे एक केली, तर एकाच लांबीचे बोल्ट आणि एकच पाना पुरतो, १२ चे ६. किरकोळ ५ तसेच धरा. बेरीज २८.

बोल्ट, वॉशर, पाना यांचा ट्रे डायच्या ट्रॉलीवरच ठेवा आणि ट्रेमध्ये प्रत्येकाच्या आकाराचा खाचा कापा. एक खाचा रिकामा दिसला तर ट्रॉली डाय स्टोअरमधून हलवायची नाही. हिरोशिमाचा बोल्ट इथे पकडला जातो.

हे करताना दोन ठिकाणी गडबड होते. वाचलेल्या वेळात जास्त नग काढायचा मोह होतो, तो टाळा. आज एका बदलाला जातो तेवढ्या वेळात जवळपास चार बदल बसतील, म्हणजे प्रेसचा वेळ जवळपास न गमावता ५,००० चा लॉट १,२५० वर येतो. आज ५,००० नग म्हणजे साडेतेरा दिवसांचा साठा पडून असतो, तो साडेतीन दिवसांवर येईल. लॉट लहान झाला नाही तर सगळी मेहनत वाया. दुसरी गडबड घाईची. वेळ मोजतोय म्हटलं की पोरं हात घालायला लागतात. मेन स्विच बंद, रॅमखाली (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक, मगच डायला हात, ही दोन मिनिटं कधीही कापायची नाहीत.

ताणाबाणा_अक्कलकोटरोड

टूलरूमवाल्यांचं म्हणणं प्रेससाठी बरोबर आहे, पण 'कशासाठी' याचं उत्तर शिंगोंच्या पुस्तकात अर्धंच मिळतं. ते टोयोटाची पद्धत उभी करणारे ताइची ओनो यांच्या पुस्तकात आहे: 'टोयोटा प्रॉडक्शन सिस्टिम', मूळ जपानी १९७८, इंग्रजी १९८८. दीडशेच्या आत पानं. भाषा सोपी, पण विचार घट्ट. एका बैठकीत दहा पानांच्या वर वाचू नका.

हे पुस्तक सोलापुरात इतर कुठल्याही गावापेक्षा लवकर समजायला हवं, कारण ते मागावरून आलंय. ओनो १९३२ मध्ये टोयोडाच्या सूतगिरणी-विणकाम कंपनीत लागले आणि १९४३ मध्ये मोटार कंपनीत गेले. टोयोटाचा मूळ पुरुष साकिची टोयोडा हा मागांचा संशोधक. त्याचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा आणि चालता चालता धोटा बदलायचा. त्याचे पेटंट हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला १ लाख पौंडांना विकले गेले.

आपल्याकडे चादरीच्या किंवा टॉवेलच्या मागावर ड्रॉप पिन बघितलीच असेल. ताण्याच्या एकेका धाग्यावर पातळ पत्र्याची पट्टी लोंबकळत असते. धागा ताठ आहे तोवर ती वर. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. त्यामुळे विणकराला प्रत्येक मागाकडे टक लावून उभं राहावं लागत नाही आणि तुटक्या धाग्याचं कापड पुढे विणलं जात नाही. ओनोंनी ज्याला 'जिदोका' म्हटलं ते हेच: चूक झाली की मशीननेच थांबायचं, म्हणजे माणूस मशीनचा राखणदार राहत नाही. तुमच्या सातांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात माग असेलच. पुस्तक उघडण्याआधी त्यांना मागाजवळ उभं करा आणि मग विचारा, आपल्या प्रेसची ड्रॉप पिन कुठे आहे? पट्टी पुढे सरकली नाही तर प्रेस थांबते का? स्लग (कापून पडलेला तुकडा) अडकला तर? मिसफीडचा सेन्सर लावणं हे या पुस्तकाचं पहिलं प्रात्यक्षिक समजा.

पाच वेळा 'का' विचारायची पद्धतही इथलीच, आणि तिचं उदाहरण फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे. मशीन का थांबलं? लोड वाढून फ्यूज गेला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसं नव्हतं. का नव्हतं? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? गाळणी नव्हती, लोखंडाचा कीस आत गेला. पहिल्या 'का'ला थांबलं तर फ्यूज बदलला जातो, पाचव्याला गाळणी बसते. ट्रेनिंगमध्ये याचा रकाना भरायचा फॉर्म होतो आणि पाचव्या ओळीत हमखास 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' येतं. तसं उत्तर आलं की समजायचं, 'का' अजून संपलेला नाही.

इतिहास वाचावा का, याला माझं उत्तर ठाम हो. टोयोटाने हे सगळं हौसेने केलं नाही. युद्धानंतर जपानची बाजारपेठ लहान, गाड्यांचे प्रकार अनेक, भांडवल नाही. १९५० मध्ये कंपनी बुडायच्या काठावर होती, मोठा संप झाला, साकिचीचे चिरंजीव किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. मोठे लॉट आणि भरलेली गोदामं त्यांना परवडणारच नव्हती. चिंचोळीतलं युनिट त्या परिस्थितीच्या जवळचं आहे, डेट्रॉइटच्या नव्हे.

शेड्यूल_आणि_स्टॉक

शनिवारी पार्ट नसण्याचं कारण फक्त प्रेस आहे हे कशावरून? दोन्ही उत्तरांनी ते गृहीत धरलंय. म्हणून तिसरं पुस्तक, आणि माझ्या मते स्टोअरवाल्याच्या हातात पहिलं द्यायचं पुस्तक: माइक रोदर आणि जॉन शूक यांचं 'लर्निंग टू सी'. पातळ, आडवं, जवळपास वहीसारखं. माल आणि माहिती कारखान्यात कशी वाहते याचा नकाशा पेन्सिलीने काढायला शिकवतं. त्यातल्या नमुना कारखान्यातही स्टीअरिंगच्या ब्रॅकेटचंच काम आहे. प्रत्यक्ष काम १८८ सेकंदांचं आणि माल आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत २३.६ दिवस! आपल्या युनिटचे हेच दोन आकडे सात जणांनी स्वतः काढले की पुढचं समजावणं आपोआप होतं.

नकाशा डिस्पॅचकडून सुरू करा आणि उलटे चालत कच्च्या मालापर्यंत या. क्रेटमधला माल मोजा, कॉम्प्युटरवरचा आकडा घेऊ नका.

तुमच्या आकड्यांवर टॅक्ट टाइम, म्हणजे ग्राहकाच्या मागणीनुसार किती सेकंदांनी एक नग बाहेर पडायला हवा: साडेआठ तासांची शिफ्ट धरली तर ५१० मिनिटं, त्यातून जेवणाची ३० आणि चहाच्या दोन वेळच्या १०-१० वजा, राहिली ४६०, म्हणजे २७,६०० सेकंद. रोजची मागणी ९,२०० भागिले २५, म्हणजे ३६८. टॅक्ट ७५ सेकंद. आता प्रेसनंतरचं ऑपरेशन बघा. समजा व्हीएमसीवर ड्रिल-टॅपला ६८ सेकंद लागतात. कागदावर ७ सेकंद शिल्लक दिसतात. पण टूल बदल, चिप साफ करणं, किरकोळ थांबे यांत १० टक्के वेळ जात असेल तर हातात ६७.५ सेकंदच उरतात. दिवसाला तीनेक नग कमी, महिन्याला सत्तरच्या आसपास. प्रेसचे रॅक ओसंडून वाहतात आणि शनिवारी डिस्पॅचला तूट, दोन्ही एकदम. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) मोजताना सलग वीस नग मोजा आणि सरासरी नको, वारंवार येणारा सगळ्यांत कमी वेळ लिहा. बाकीचे वेळ का वाढले, ते शेजारच्या रकान्यात.

कानबानची पुस्तकं एवढ्यात घेऊ नका. सूत्र एका ओळीचं आहे: रोजची मागणी गुणिले (भरपाईला लागणारे दिवस अधिक सुरक्षेचे दिवस), भागिले क्रेटमधले नग. प्लेटिंगहून माल दोन दिवसांत येत असेल, अर्धा दिवस सुरक्षेचा, क्रेटमध्ये ४० नग: ३६८ गुणिले २.५ भागिले ४०, म्हणजे २३ कार्ड. प्लेटिंगवाला लॉट साठवून चौथ्या दिवशी माल देत असेल तर तीच संख्या ४२ होते. कानबान फसतं ते इथे. कार्ड २३ छापायची, माल चौथ्या दिवशी यायचा, मग लोक कार्ड बाजूला ठेवून फोनवर माल मागवायला लागतात. आधी प्लेटिंगची फेरी रोजची करून घ्या, निम्मा टेम्पो गेला तरी चालेल. कार्डांवर क्रमांक घाला आणि आठवड्यातून एकदा मोजा. कार्ड हरवलं की तेवढा माल साखळीतून गुपचूप कमी होतो.

एक इशारा. ग्राहक महिन्याचा अर्धा माल शेवटच्या आठवड्यात उचलत असेल तर रोज सारखं उत्पादन ठेवायला तयार मालाचा साठा लागणारच. तो मोजून, जागा आखून ठेवा. साठा म्हणजे पाप असं सरसकट समजू नका. किती आणि कशासाठी, हे माहीत नसलेला साठा वाईट.

आणि ओईईचा (मशीनची उपलब्धता, वेग आणि चांगले नग यांच्या टक्क्यांचा गुणाकार) तक्ता लावत असाल तर जपून. ही मोजणी मांडणाऱ्या नाकाजिमांच्या पुस्तकातले ९०, ९५, ९९ टक्के गुणिले की ८५ येतात, ते भिंतीवर सगळीकडे दिसतात. पण डाय कमी वेळा बदलल्या की ओईई वाढतो, आणि रॅकही भरतात. टूलरूमवाले १,२५० चा लॉट सांगतायत, त्याच्या नेमकं उलटं बक्षीस हा तक्ता देतो.

चिंचोळी_प्रेसशॉप

खूप आभार. व्हीएमसीकडे लक्षच गेलं नव्हतं, सायकल मोजायला घेतो. दोन शंका. डायखाली प्लेट लावून उंची सारखी करायची म्हणता, त्यात डाय खराब होण्याचा धोका आहे का? आणि फाइव्ह एसचं एखादं पुस्तक आधी घ्यावं का? बरेच जण पाया तोच म्हणतात.

टूलरूमवाला_होटगीरोड

धोका आहे, म्हणून नीट सांगतो. प्लेट ग्राइंड केलेली हवी, चारही कोपऱ्यांत जाडी ०.०२ मिमीच्या आत सारखी. फक्त दोन टोकांना पॅरलल ब्लॉक टाकले तर मधे डाय शू (डायची खालची पाटी) वाकतो, पंच एका बाजूला घासतो आणि बर (कापलेल्या कडेवरची टोकदार कड) एकाच कडेला यायला लागते. बर एकाच बाजूला दिसली की क्लिअरन्सवर (पंच आणि डायमधल्या फटीवर) घसरायच्या आधी खालचा आधार तपासा. स्लग पडायचं भोक प्लेटमध्येही तेवढंच किंवा थोडं मोठं कापा, नाहीतर स्लग साचून पंच तुटतो. सगळ्यांत उंच डाय धरून बाकीच्यांची उंची तिच्याएवढी करायची. ती उंची प्रेसच्या शट हाइटच्या मर्यादेत बसते का, हे आधी बघा. पहिला स्ट्रोक इंचिंगवरच (थोडं थोडं सरकवत).

फाइव्ह एस वेगळं शिकवू नका. बोल्टचा ट्रे, डायच्या रॅकवरचे क्रमांक, ट्रॉलीची जागा हेच फाइव्ह एस. कामाशिवाय आखलेल्या पिवळ्या पट्ट्या सहा महिन्यांत पुसल्या जातात.

क्वालिटीच्या माणसासाठी शिंगोंचंच पोका-योकेवरचं पुस्तक, 'झिरो क्वालिटी कंट्रोल'. या शब्दामागची गोष्ट त्याला जरूर सांगा. आधी शिंगो 'बाका-योके' म्हणायचे, म्हणजे मूर्खालाही चुकता येऊ नये अशी सोय. १९६३ मध्ये अराकावा ऑटो बॉडीतल्या एका कामगार मुलीला ते लागलं, मी काय मूर्ख आहे का म्हणून ती रडली, तेव्हा शिंगोंनी शब्द बदलला. चूक कुणाच्याही हातून होते, ती होऊच नये अशी जागा करायची, हा अर्थ. बुशला एकाच बाजूला चॅम्फर (तिरपी कापलेली कड) असेल तर फिक्स्चरमध्ये अशी पिन द्या की उलटा बुश बसूच नये. 'बुश सुलट लावा' ही पाटी म्हणजे पोका-योके नव्हे.

सातरस्ता_वाचक

इतिहासाबद्दल थोडं. मोटार उद्योगाचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर वोमॅक, जोन्स आणि रूस यांचं 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड', १९९० चं. एमआयटीच्या पाच वर्षांच्या अभ्यासातून आलेलं. 'लीन' हा शब्द त्याच अभ्यासातल्या जॉन क्रॅफसिक यांनी १९८८ च्या लेखात वापरला होता. पुस्तकात जीएमचा फ्रेमिंगहॅम आणि टोयोटाचा ताकाओका असे १९८६ मधले दोन कारखाने शेजारी ठेवलेत: जुळवणीला गाडीमागे ३१ तास विरुद्ध १६, शंभर गाड्यांमागे दोष १३० विरुद्ध ४५, सुट्या भागांचा साठा दोन आठवडे विरुद्ध दोन तास. हा तक्ता मॅनेजरच्या टेबलावर हवा. बाकी पुस्तक जाड आहे, सेटरवर लादू नका.

फोर्डचं 'माय लाइफ अँड वर्क', १९२२ चं, नेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतं. त्यातला मॅग्नेटोचा (इंजिनाच्या ठिणगीला वीज देणाऱ्या भागाचा) परिच्छेद शोधून काढा. एक माणूस अख्खा मॅग्नेटो जोडायचा तेव्हा सुमारे २० मिनिटं लागत. काम २९ टप्प्यांत वाटलं, १३ मिनिटं १० सेकंदांवर आलं. मग १९१४ मध्ये लाइनची उंची फक्त ८ इंचांनी वाढवली आणि ७ मिनिटं झाली. पुढच्या प्रयोगांत ५. त्या ८ इंचांसाठी हे पुस्तक उघडावं. तुमच्या पॅकिंगच्या टेबलाची उंची आज मोजून बघा, हेल्पर किती वाकतो ते.

भारतातलं हवं तर आर. सी. भार्गव यांचं 'द मारुती स्टोरी', २०१० चं. जपानी पद्धती इथल्या माणसांत रुजवताना एकच गणवेश, एकच कँटीन कशाला लागलं, ते कळतं. आणि सोलापूरकरांनी वालचंद हिराचंद यांचं चरित्र चुकवू नये. खानोलकरांनी लिहिलेलं आहे. आपल्याच गावात १८८२ मध्ये जन्मलेल्या माणसाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. हिराचंद नेमचंद वाचनालयात आधी चौकशी करा, मगच विकत घ्या.

वाचायची रीत: आठवड्याला एकदा पाऊण तास. इंग्रजी चांगलं येणाऱ्याने पाच-सहा पानं मराठीत सांगत जायचं, वीस मिनिटं. उरलेली पंचवीस मिनिटं एका मशीनपाशी उभं राहायचं आणि वाचलेली एक गोष्ट तिथे शोधायची. पुढच्या वेळी आधी ती झाली का ते बघायचं, मगच पुस्तक उघडायचं.

ताणाबाणा_अक्कलकोटरोड

एक राहिलं. शॉपमध्ये तेलुगू आणि कन्नड घरात बोलणारे ऑपरेटर असतील तर डाय बदलाचा क्रम मराठीत टाइप करून चिकटवू नका. फोटो लावा: ट्रे, पिन, बोल्ट आवळायचा क्रम, आणि प्रत्येक फोटोखाली फक्त मिनिटांचा आकडा. फोटो त्याच प्रेसचे, त्याच माणसाच्या हातांचे हवेत. क्रम बदलला की जुना फोटो त्याच दिवशी काढायचा, आणि हे काम सेटरकडेच द्यायचं, ऑफिसकडे नाही.